अंदाज आणि संकल्प

पुढच्या वर्षी किती पैसा येईल आणि तो कशावर खर्च करायचा, याचा जो हिशेब सरकार वर्ष सुरू होण्यापूर्वी मांडते, त्याला मराठीत दोन नावे आहेत. ग्रामपंचायतीच्या दप्तरात ते ‘अंदाजपत्रक’ असते. पंचायतीच्या ठरीव नमुन्यांतला नमुना नंबर १ तो हाच. विधानसभेत त्याच जातीच्या कागदाला ‘अर्थसंकल्प’ म्हणतात. वर्तमानपत्रे दोन्ही शब्द हवे तसे वापरतात आणि वाचकही त्यांत फरक करीत नाहीत. मला मात्र मुलांना समानार्थी शब्द शिकवताना ही जोडी फळ्यावर लिहावीशी वाटत नाही. अंदाज चुकला तर माणूस मान हलवतो आणि पुन्हा अंदाज करतो. संकल्प मोडला तर त्याला आपल्याकडे पाप म्हणतात.

पूजेला बसलेला यजमान काय करतो ते आठवून पाहा. कोणत्या देशी, कोणत्या काळी, कोण मी, कोणते कर्म करणार, हे सारे उच्चारून तो तळहातावरचे पाणी ताम्हनात सोडतो. सोडलेले पाणी पुन्हा तळहातावर घेता येत नाही. सरकारच्या अर्थसंकल्पातही देश असतो, १ एप्रिल ते ३१ मार्च हा काळ असतो, कर्मांची तर मोठी यादी असते. फक्त पाणी सोडल्यासारखे काही नसते. रस्त्यासाठी ठेवलेली रक्कम रस्ता न होता वर्ष संपले की कोणी पाप झाले म्हणत नाही. ‘निधी लॅप्स झाला’ म्हणतात, जणू तो निधीच चालता चालता कुठे पाय घसरून पडला!

म्हणून मला पडलेला प्रश्न असा आहे : लोकांच्याच पैशातून लोकांना दिलेले वचन हा अंदाज समजावयाचा की संकल्प? आणि पैसा पुरेल की नाही याची खात्री नसताना असे वचन देणे हे पुण्य की बेजबाबदारी?

अर्थशास्त्र मी शिकलेलो नाही. जुन्या भाषेत ज्याला मॅट्रिक म्हणत तेवढेच माझे शिक्षण. पण मी मास्तर आहे आणि कादंबऱ्या लिहितो. आणि कादंबरी लिहिणाऱ्याला, पात्राने एकदा शब्द दिला म्हणजे त्याचे पुढे काय होते आणि कोणाला ते भोगावे लागते, हे पाहण्याची खोड जडलेली असते. या विषयाकडे मी त्याच खोडीने वळलो.

आमच्या आळ्याच्या वायव्येला, जुन्नर तालुक्याच्या सीमेवर हरिश्चंद्रगड उभा आहे. त्याच्या तीन शिखरांना हरिश्चंद्र, तारामती आणि रोहिदास अशी नावे आहेत. राजाने स्वप्नात राज्य दान केले, जागेपणी ते खरे केले, आणि वर दक्षिणा देणे उरले तेव्हा बायको आणि मूल बाजारात विकून स्वतः डोंबाच्या घरी पाणी भरले. कीर्तनात ही कथा लागली की माणसे राजासाठी रडतात. सत्त्वाची एवढी थोर कथा आपल्यापाशी दुसरी नाही, हे मलाही मान्य आहे. तरी लहानपणापासून माझे लक्ष तारामतीकडे जाई. संकल्प राजाने केला आणि विकली गेली ती. त्या स्वप्नात तिला कोणी विचारले होते काय? आणि रोहिदासाला तर विचारण्याचे वयही नव्हते.

‘आधी वचन, मग पैसा’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक राज्यकर्त्याविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा या कथेत आहे. मंत्री टाळ्यांच्या गजरात दान जाहीर करतो आणि त्याचे कर्ज फेडायला आज पाळण्यात असलेला रोहिदास उभा राहतो. म्हणून हिशेबी माणसे सांगतात, अंथरूण पाहून पाय पसरावे. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. आळेफाट्याच्या बाजारात कांद्याची पिशवी उतरवीपर्यंत तिचे काय मोल येईल हे त्याला ठाऊक नसते. सोसायटीचे पीककर्ज, मजुरी, गाडीभाडे हे मात्र सारे आधीच ठरलेले. येणे अंदाजाचे आणि देणे नक्की, अशा चिमटीत त्याचे वर्ष जाते. त्याने मुलीच्या लग्नात अंथरुणाबाहेर पाय काढले, तर त्याचा जाब त्याच्या सातबाऱ्याला द्यावा लागतो.

पण प्रपंचाची ही म्हण सरकारला जशीच्या तशी लावता येईल काय? शेतकऱ्याचे अंथरूण जेवढे आहे तेवढेच आहे. शेजाऱ्याच्या घरात शिरून ‘एक हात कापड काढ’ असे तो म्हणू शकत नाही. सरकार म्हणू शकते. त्यालाच कर म्हणतात. अंथरूण लांबविण्याची सत्ता ज्याच्या हाती आहे त्याने ‘अंथरूणच आखूड, काय करणार?’ असे म्हटले, तर ते दर वेळी खरे नसते. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो, की कापड ज्यांच्याकडे आहे त्यांच्या दारी जाण्याची आमची इच्छा नाही.

सत्तेचा जमाखर्च किती जुना आहे हे पाहावयाचे तर आमच्या तालुक्यातून बाहेर जावे लागत नाही. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. देशावरचा माल याच वाटेने खाली कोकणात, कल्याणच्या बंदराकडे जाई. घाटाच्या तोंडाशी लेण्यात सातवाहनांचा शिलालेख आहे. तो राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जातो आणि त्याला दोन हजार वर्षे झाली. त्यात यज्ञांची नावे आहेत आणि प्रत्येक यज्ञात दिलेल्या दक्षिणेचे आकडे आहेत : इतक्या गाई, इतके घोडे, इतके हत्ती, इतकी कार्षापणे. अक्षरे बरीच झिजली, तरी आकडे पुष्कळ उरले आहेत. भारतातल्या अतिशय जुन्या अंकलेखनात त्यांची गणना होते. लेण्याच्या बाहेर वाटेच्या कडेला दगडाचा एक मोठा रांजण आहे. जाणाऱ्या-येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकली जाई, असे परंपरा सांगते.

मी मुलांची सहल घेऊन तिथे गेलो की त्यांना या दोन वस्तू शेजारी शेजारी दाखवतो. रांजण ही जमेची बाजू, भिंत ही खर्चाची बाजू. भिंतीवर दक्षिणा घेणाऱ्यांचा हिशेब आहे. ज्या बैलांच्या आणि हमालांच्या पाठीवरून तो माल घाट उतरला, त्यांना काय मिळाले याची ओळ तिथे नाही. राणीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्या काळात यज्ञ हेच लोककल्याण समजले जाई आणि तिने आपला खर्च निदान दगडावर कोरून सर्वांसमोर ठेवला. आजही किती जण ठेवतात? पण हिशेब कितीही चोख असला तरी त्यात ओळ कोणाच्या नावाची असावी, हा प्रश्न हिशेबापूर्वी सुटलेला असतो. आणि तो गणिताचा नव्हे.

आजच्या दगडाकडे, म्हणजे राज्यघटनेकडे वळू. तिच्या २०२ व्या कलमाप्रमाणे राज्याचे वार्षिक वित्तविवरण विधिमंडळापुढे ठेवावे लागते. त्यातला खर्च दोन जातींचा असतो आणि आपल्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत त्यांना मोठी सुंदर नावे आहेत : एक ‘दत्तमत’ आणि दुसरा ‘भारित’. दत्तमत म्हणजे ज्यावर विधानसभेने मत द्यावयाचे तो. शाळा, दवाखाने, रस्ते सारे त्यात. भारित म्हणजे राज्याच्या तिजोरीवर आधीच बसलेला भार. राज्यपालांचे वेतन त्यात आहे, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे आहे, न्यायालयाच्या हुकुमाने द्यावयाच्या रकमा आहेत, आणि सरकारने काढलेल्या कर्जाचे व्याज व फेड आहे. भारित खर्चावर चर्चा करता येते, मत घेता येत नाही.

याला सबळ कारण आहे. दर मार्चमध्ये हात वर करून व्याज द्यायचे की नाही असे ठरू लागले तर सरकारला कर्ज कोण देईल? तरीही या व्यवस्थेकडे जरा थांबून पाहावे असे मला वाटते. सावकाराला दिलेला शब्द हा संकल्प आहे, तो मतापलीकडचा. मुलाला शाळेची खोली देऊ हा शब्द मात्र अंदाज आहे. तो दर वर्षी नव्याने मताला टाकावयाचा. १९८६ च्या सुमारास महाराष्ट्राने ‘शून्याधारित अर्थसंकल्पा’चा प्रयोग केला. मागे खर्च होत होता म्हणून पुढे चालू ठेवायचा नाही, प्रत्येक खर्चाने आपण का असावे हे पुन्हा शून्यापासून सिद्ध करावे, अशी त्यामागची कल्पना. कल्पना शहाणपणाची होती. पण व्याजाला असे काही सिद्ध करावे लागत नाही. निराधार म्हातारीला मात्र आपण जिवंत आहोत हे दर वर्षी हयातीचा दाखला देऊन सिद्ध करावे लागते. तिच्यापुरता अर्थसंकल्प पूर्वीपासूनच शून्याधारित आहे!

कामाच्या हक्काविषयी घटनेत ४१ वे कलम आहे. राज्याने काम मिळण्याच्या हक्कासाठी परिणामकारक तरतूद करावी, असे ते सांगते. परंतु आपल्या आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत. म्हणजे अंथरुणाची म्हण घटनाकारांनीही मानली. शिवाय हे मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही, हे ३७ व्या कलमाने स्पष्टच केले. नुकत्या स्वतंत्र झालेल्या गरीब देशाने याहून मोठा शब्द दिला असता तर तो हरिश्चंद्राचा ठरला असता, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

आणि तरीही याच महाराष्ट्राने एकदा त्या मर्यादेपलीकडे पाऊल टाकले.

बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकतच माझी पिढी वाढली. अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो, सुकडी, भर उन्हात खडी फोडणाऱ्या बायका, नालाबांध, पाझर तलाव. ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्या बोलण्यात ‘दुष्काळ’ हा शब्दही फारसा येत नाही, ‘बहात्तर साल’ म्हटले की पुरते. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या घरात. म्हणजे दर दहा माणसांतले एक, तान्ही मुले आणि अंथरुणाला खिळलेली म्हातारी धरून, सरकारी हजेरीपटावर होते.

पण दुष्काळी काम ही जुनी गोष्ट; इंग्रजांच्या अमदानीतही ती होती. तिच्यात एक मेख असे. आणेवारी लागली, टंचाई जाहीर झाली, तर काम निघे. आणि जाहीर करावयाचे की नाही हे सरकारच्या मनावर. भुकेला आधी राजमान्यता लागे. १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती असलेले वि. स. पागे यांनी ही मेख उपटण्याची योजना मांडली. त्यांच्याच तासगाव भागात आधी तिचा प्रयोग झाला, १९७२ साली ती राज्यभर म्हणून घेतली गेली, दुष्काळानंतर पुन्हा उभी राहिली, आणि १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमाने तिला कायद्याचे रूप मिळाले. तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. खेड्यातला कोणीही प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागेल तर ते पंधरा दिवसांत द्यावयाचे. न दिल्यास बेकारभत्ता द्यावयाचा, दिवसाला निदान १ रुपया.

रुपया तेव्हाही थोडाच होता. पण त्या कलमाने जे उलटेपालटे केले ते पाहा. एरवी सरकार आधी पैसा मोजते, मग किती जणांना काम देता येईल ते ठरवते. इथे मजुराने आधी मागावयाचे आणि पैसा मागाहून शोधावयाचा. संकल्प पुढे, अंदाज मागे. मजूर सावकाराच्या इतका जवळ, म्हणजे ज्याचे देणे नाकारता येत नाही त्याच्या पंगतीला, दुसऱ्या कोणत्याही कायद्याने बसवला असेल असे मला माहीत नाही.

मग तारामतीचे काय? कायदा करणाऱ्यांनी तिचा विचार केला होता, आणि या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत आदर वाटतो तो याचा. त्यांनी नुसते पाणी सोडले नाही, ताम्हन कोणाचे हेही सांगितले. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. नोकरदारांवर आणि धंदेवाल्यांवर हा कर, मोटारींवर जादा कर, विक्रीकरावर अधिभार, बागायती जमिनीवर जादा आकार, असे कर रोजगार हमीसाठी म्हणून बसवले. आणि त्यांतून जेवढे येईल तेवढीच भर सरकारने आपल्या पदरची घालावयाची असे ठरवले. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकाराचा भार उचलावा, पाणी असलेल्याने कोरडवाहूवाल्याचा उचलावा, हे इतके उघडपणे सांगणारा कर मला दुसरा दाखवता येणार नाही.

हा कर मी भरतो. माझ्या पगारपत्रकात दर महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात, फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारी हा महिना दिवसांनी सर्वांत लहान आणि या करापुरता सर्वांत मोठा. वर्षाचे २५०० होतात; कारण घटनेच्या २७६ व्या कलमात तेवढीच कमाल मर्यादा आहे. पूर्वी ती २५० होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती दसपट झाली आणि तिथेच थांबली. त्यामुळे माझे २५०० जातात, आणि महिन्याला लाखो रुपये घेणाऱ्या कंपनीच्या बड्या साहेबाचेही २५००च. ताम्हन सर्वांचे, पण ज्याचा तांब्या मोठा त्यालाही पळीभरच पाणी घालण्याची मुभा आहे.

आमच्या शिक्षकांच्या खोलीत या कापलेल्या दोनशे रुपयांवरून कुरकुर ऐकू येते. हा कर कशासाठी म्हणून बसला होता हे बहुतेकांना माहीत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पगारपत्रकावर ते लिहिलेले नसते. एकदा मी ते सांगितले तेव्हा आमचे गणिताचे सर म्हणाले, “आपण शब्द दिला नव्हता, सर. आपल्याला कोणी विचारलंही नव्हतं.”

तारामतीचेच बोलणे हे, आणि ते सोडून देण्यासारखे नाही. पण तारामतीला लिलावात उभे केले होते. गणिताच्या सरांना मतदानाच्या रांगेत उभे राहता येते. त्यांचे दोनशे रुपये गेल्याने त्यांच्या घरची चूल विझत नाही, आणि काम न मिळाल्याने ज्याची विझते त्याची रांग निराळी आहे. सोसण्याच्या दोन प्रकारांना एकाच तराजूत घालणे हे मला न्यायाचे वाटत नाही. एवढे बोलून मी थांबलो, कारण तास झाला होता.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की रोजगार हमी हे रामराज्य होते. तसे मुळीच नव्हते. हजेरीपटावर खोटी नावे चढली, मेलेल्या माणसांनी खड्डे खणले, पुढाऱ्यांच्या विहिरींपर्यंत रस्ते गेले. हे सारे महाराष्ट्राने पाहिले आहे. पण संकल्प मोडण्याची याहून सफाईदार रीत निघाली, आणि तिच्यात चोरीसुद्धा करावी लागत नव्हती. काम मागायला आलेल्या माणसाला तारखेची पोच द्यावयाची नाही, एवढे केले की झाले. पोच नाही म्हणजे मागणी नाही. मागणी नाही म्हणजे पंधरा दिवस सुरू होत नाहीत. मग भत्त्याचा प्रश्नच कुठे येतो? बेकारभत्ता कागदावर राहिला, पदरात क्वचितच कोणाच्या पडला. कर मात्र वसूल होत राहिले. पुढे अशी वर्षे आली की या करांतून आलेला पैसा योजनेवरच्या खर्चाहून जास्त होता, आणि त्याबद्दल अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले. ज्या काळी गावात काम नव्हते त्या काळी कामासाठी गोळा केलेला पैसा शिल्लक होता, यापेक्षा मोठी नामुष्की अंथरूण अपुरे पडण्यात नाही.

चोराने हिशेबात खोटे लिहिले तर ते निदान सापडण्यासारखे असते. भूक मोजलीच नाही तर हिशेब अगदी बरोबर येतो. लेखापरीक्षकाने काय काढावे?

याच जातीची पण किरकोळ गोष्ट. एका शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहासाठी मंजूर झालेली रक्कम मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आली. तीन दिवसांत बांधकाम होत नाही. निधी परत जाऊ नये म्हणून वरून तोंडी परवानगी आली आणि त्या पैशांची कपाटे घेतली गेली. कपाटे चांगली आहेत. खर्च शंभर टक्के झाला असे पत्रकात नोंदले गेले, ते खोटे नव्हते. मुली पुढचे वर्षभर घरी जाऊन येत राहिल्या.

आता ज्याची गणतीच होत नाही अशा खर्चाविषयी बोललो नाही तर या विषयाला न्याय दिला असे होणार नाही. कारण तो खर्च माझ्याच भागाच्या फायद्याचा आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगाव तालुक्यातले डिंभे, या पाच धरणांचा मिळून कुकडी प्रकल्प आहे. त्याचे पाणी जुन्नर-आंबेगावापासून शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. या पट्ट्यातला ऊस, द्राक्षे आणि उन्हाळी कांदा त्या पाण्यावर उभा आहे. धरणाच्या भिंतीचा खर्च, कालव्याचा खर्च, दर वर्षी त्यात पडलेली भर, सारे अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत सापडते. ज्या आदिवासी आणि शेतकरी कुटुंबांची भातखाचरे, घरे आणि देवळे पाण्याखाली गेली, त्यांना दिलेल्या मोबदल्याची रक्कमही सापडते. त्यांनी काय दिले ते मात्र कोणत्याच बाजूला नाही. प्रकल्पाला सर्वांत मोठी वर्गणी त्यांची, आणि ती जमेच्या रकान्यात धरलेली नाही, कारण ती तिजोरीतून गेली नाही. पिंपळगाव जोग्याचे पाणी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला खिरेश्वराजवळ पसरले आहे. रोहिदास शिखराची सावली त्यात पडत असेल. धरण बांधू नये असे मी म्हणत नाही. आमच्या घरातला कांदाही त्याच पाण्याचा आहे. पण आमच्या अंथरुणातला एक मोठा पट्टा कोणाच्या अंगावरून काढलेला आहे, हे अंथरूण पाहताना दिसले पाहिजे.

पाग्यांच्या योजनेचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. २००५ साली संसदेने देशभरासाठी तसाच कायदा केला, फेब्रुवारी २००६ पासून तो लागू होऊ लागला. मागेल त्या कुटुंबाला वर्षाला १०० दिवस, आणि अकुशल मजुरीचा पैसा केंद्राचा. महाराष्ट्राची कल्पना देशाने उचलली याचा आपल्याला अभिमान वाटला, तो योग्यच होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी संसदेने नवा कायदा आणला. दिवस १०० चे १२५ झाले. मात्र प्रत्येक राज्याच्या वाट्याची रक्कम केंद्राने आधी ठरवावयाची आणि खर्च तिच्यावर गेला तर तो राज्याने सोसावयाचा, अशी त्यात तरतूद आहे. बाजूचे लोक पंचवीस दिवस वाढले म्हणतात, विरोधातले लोक हक्क गेला म्हणतात. मी दिवस मोजत नाही, क्रम पाहतो. अंदाज पुन्हा पुढे आला आणि संकल्प त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. राज्ये आपल्या पदरचे घालून तो क्रम पुन्हा फिरवू शकतात. महाराष्ट्राला हे अवघड जाऊ नये. त्याच्याकडे अनुभव आहे, आणि माझे २५०० रुपयेही आहेत.

आमच्या आळ्यात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद बोलवले तो हा रेडा, असे मानून चैत्रात लोक यात्रेला येतात. चमत्कारावर वाद घालणारे घालोत. मला त्या कथेतले एवढेच आवडते, की धर्मसभेत ज्याला बोलण्याचा अधिकार नाही असे सर्वांना वाटत होते, तो बोलला आणि सभेला ऐकून घ्यावे लागले. ग्रामसभेत अंदाजपत्रक वाचले जाते तेव्हा मला हे आठवते. वाचणारा भरभर वाचतो. पाणीपुरवठा इतके, दिवाबत्ती इतके, महिला व बालकल्याण इतके. आकडे मुके असतात आणि ऐकणारेही मुके होतात.

शेजारच्या एका गावी मी अशा सभेला पाहुणा म्हणून बसलो होतो. वाचन संपत आले आणि हात वर होऊ लागले, तेवढ्यात मागच्या बाजूला बसलेली एक बाई उभी राहिली. वय साठीच्या पुढचे, डोक्यावर पदर. ती म्हणाली, “हे झालं पुढच्या सालाचं. मागल्या सालाचं काय केलं ते वाचा की.” अंदाजपत्रकात तो रकाना असतोच, मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. वाचणाऱ्याने पान मागे उलटले. पाण्याच्या टाकीपुढे मागल्या वर्षी रक्कम होती, प्रत्यक्ष खर्चात शून्य होते, आणि या वर्षी तीच रक्कम पुन्हा लिहिलेली होती. बाईने विचारले, “मग ते पैसे हायेत कुठं?” शिल्लक आहेत, असे उत्तर मिळाले. कुठल्या खात्यात, कोणाच्या सहीने निघतात, टाकी का झाली नाही, जागा कोणी अडवली, असे एकेक प्रश्न मग निघत गेले आणि तोवर गप्प बसलेली आणखी चार माणसे उठून बोलली. चर्चा दीड तास चालली. अंदाजपत्रक त्या दिवशी मंजूर झाले नाही. सभा पुढच्या आठवड्यावर गेली.